दाजींनी सांगितलेले सिनेमे

सिनेमा आवडला असं म्हणत थेटरातून बाहेर पडलेले दाजी अख्ख्या कोरेगाव तालुक्यात कुणी पाहिलेले नाहीत. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले, गावी येऊन ऊस लावला आणि उरलेलं आयुष्य सिनेमातल्या चुका काढण्याला वाहिलं. दर आठवड्याला आक्काला मोटारसायकलवर मागं बसवून ते साताऱ्याला जायचे, तेही मयतीला निघाल्यासारखा चेहरा करून. नायक उसाच्या फडातून पळू लागला की भर थेटरात त्यांचा आवाज उठायचा, "पाचटातनं पळतोय आन् अंगावर एक चरा न्हाई!" नायिका धार काढायला बसली की, "रेडकू न सोडताच म्हस पान्हावली व्हय?" रडणाऱ्या नटाबद्दल त्यांचं एकच म्हणणं होतं. ज्याचं रडताना नाक वाहत नाही, त्याचं रडणं खोटं. आक्का मात्र कुठल्याही सिनेमाला मनापासून रडायची. "हिला नट लागत न्हाई, नावांची पाटी आली तरी रडती," असं दाजी म्हणायचे. एकदा मीही बरोबर होतो. पडद्यावरचा जवान छातीत तीन गोळ्या घेऊन लांबलचक बोलत होता. दाजी म्हणाले, "असं बोलत न्हाई मानूस. आई म्हनतो आन् गप व्हतो." पुढच्या रांगेतली खिदळणारी पोरं एकदम शांत झाली. "एवढा राग येतो तर जाता कशाला?" असं मी विचारलं, तर म्हणाले, "चूक सांगाया कुनीतरी जायला पायजे का नको?"

मग आक्काच्या पोटात गाठ निघाली. उपचार सांगलीत होते, म्हणून दोघं विश्रामबागला माझ्या घरी राहायला आली. दवाखान्यात पडद्यावरचे नट नव्हते, तेव्हा दाजी डॉक्टरांच्या चुका काढू लागले. सलाईन कसं लावावं हे त्यांनी नर्सला दोनदा समजावून सांगितलं. शेवटी आक्काच वैतागली. "आवं, तुमी सिनेमाला जावा बघू. आन् आल्याव मला गोष्ट सांगा. चुका नगंत, गोष्ट."

दाजींनी जन्मात कुणाला गोष्ट सांगितली नव्हती. पहिल्या दिवशी दुपारच्या खेळाहून आले आणि खाटेशेजारच्या स्टुलावर ताठ बसून, साहेबाला रिपोर्ट द्यावा तशी सुरुवात केली. एक मास्तरीणबाई असते, तिला मोठा आजार होतो. हळूहळू त्यांचा आवाज सैल झाला. मास्तरीणबाईचं बोलणं ते बारीक आवाजात बोलू लागले. शेजारच्या खाटेवरची बाई कुशीवर वळून ऐकू लागली. शेवटी मास्तरीणबाई बरी होते, शाळेत परत जाते आणि पोरं तिला उचलून घेतात. आक्का पदरानं डोळे पुसत म्हणाली, "लय बेस हाय की वो!"

पुढच्या रविवारी मी तो सिनेमा पाहिला. मास्तरीणबाई मरते. शाळेत परत जाते ती तिची तसबीर.

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेलो, तेव्हा दाजी औषधं आणायला खाली गेले होते. आक्कानं माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि म्हणाली, "बगितलास व्हय? मरती न्हवं ती?"

मी स्टूल ओढून तिच्याजवळ बसलो.

"शेजारच्या बाईची लेक बगून आलीया. तिनं कवाच सांगितलं मला."

"मग तू दाजींना काही बोलली नाहीस?"

"काय बोलू? लय जीव लावून सांगत्यात रं. तू बी बोलू नगंस."

त्या दोन महिन्यांत दाजींनी तिला सात सिनेमे सांगितले. एकातही माणूस दगावलं नाही. एका मारधाडीच्या सिनेमात तर त्यांनी खलनायकालाही नुसता पाय मोडून घरी पाठवला. आक्का हसली, मग खोकली, आणि पुढं सांगा म्हणाली. आठवा सिनेमा अर्धाच राहिला. दाजी मध्यंतरापर्यंत आले होते आणि तिला झोप लागली. त्या झोपेतून ती उठलीच नाही.

परवा वर्षश्राद्धानंतर मीच आग्रह करून दाजींना साताऱ्याला सिनेमाला नेलं. पूर्ण अडीच तास ते एक शब्द बोलले नाहीत. पडद्यावर वाट्टेल ते चाललं होतं आणि मी शेजारी बसून त्यांच्या आवाजाची वाट बघत होतो. बाहेर आलो, स्टँडवर चहा घेतला. दाजींनी कप दोन्ही हातांत धरला, पण तोंडाला लावला नाही.

"पाव्हणं, एक इचारू? त्या मास्तरीणबाईचा शेवट म्या बदलला व्हता."

"हो का?"

"तिला कळलं नसंल न्हवं?"

"छे हो, दाजी. तिचा पुरता विश्वास बसला होता. मला दोनदा सांगितली तिनं ती गोष्ट."

त्यांनी कप खाली ठेवला. मग मान हलवून म्हणाले, "बरं झालं. न्हाईतर तिला वाटलं असतं, ह्यो मला फसिवतोय."

कोरेगावची गाडी लागली का ते बघायचं निमित्त करून मी उठलो.