काटेवाल्यांचे पॉइंट

काटेवाल्यांकडे पॉइंट जमलेत, ही बातमी गल्लीत सगळ्यांना होती. पॉइंट म्हणजे काय, हे मात्र एकालाही धड ठाऊक नव्हतं. सलूनवाल्याच्या मते ते शेअरबाजारातलं काहीतरी असणार. औषधाच्या दुकानातले काका छातीठोकपणे सांगायचे, की गाडी बेदरकार चालवल्याचे पॉइंट असतात आणि माणूस लवकरच आत जाणार. काटेवाल्यांकडे साधी सायकलसुद्धा नव्हती, पण काकांना कोण सांगणार?

तर ऐका. भरलेला ट्रक ज्याच्यावर उभा करतात, तो जमिनीत बसवलेला वजनकाटा तुम्ही पाहिला असेल. तो काटा खरं बोलतोय की खोटं, हे तपासायला एक माणूस वजनं घेऊन गावोगाव फिरतो. ते आमचे काटेवाले. सिमेंटचे कारखाने, कोळशाची गोदामं, भंगाराची आवारं, जिथे काटा तिथे हे. महिन्यातले वीस दिवस बाहेर, आणि असं एकदोन नाही, बावीस वर्षं. कंपनीने एकाच नावाच्या हॉटेलांशी ठरवून ठेवलेलं. राहायचं तिथेच. बिल कंपनी भरायची, पण प्रत्येक रात्रीचे पॉइंट राहणाऱ्याच्या नावावर जमा व्हायचे. कार्ड आधी निळं होतं, मग चंदेरी झालं, मग सोनेरी, आणि शेवटी काळं कुळकुळीत. इतक्या रात्री काढलेला माणूस हॉटेलवाल्यांनाही क्वचित भेटत असावा.

आणि त्यांच्या घरी कोण? आमच्या वहिनी. घराखालच्या गाळ्यात त्यांचं कपडे आल्टर करायचं दुकान. पँट लांडी कर, ब्लाउज सैल कर, पडद्याला पट्टी लाव. तोंडात टाचण्या धरूनही बोलणारी बाई मी आयुष्यात ही एकच पाहिली. गिऱ्हाईक पाच मिनिटांच्या कामाला येऊन तासभर रमायचं. आणि चौकस तर इतक्या, की कुणाच्या कोटाच्या खिशात जुनं तिकीट सापडलं तर तो कुठे गेला होता, कुणाबरोबर गेला होता आणि एकट्यानेच का परत आला, हे काढून घेतल्याशिवाय कोट हातात देणार नाहीत.

पण सगळ्या जगाची खबर असलेल्या या बाईला स्वतःच्या नवऱ्याची खबर नव्हती. काटेवाले शनिवारी संध्याकाळी यायचे, सोमवारी पहाटे निघायचे. घरात तोंड उघडलंच तर ‘हं’, ‘बरं’ आणि ‘असू दे’. एवढ्यावर संसार चालला, लेक वाढली, तिचं लग्नही झालं. वहिनी बोलायच्या, ते तोंडावर पेपर घेऊन पडायचे. ऐकतायत की झोपलेत, हे ब्रह्मदेवालाही कळलं नसतं.

आता ते निवृत्त व्हायला दोन महिने उरले होते. हॉटेलकडून पत्र आलं, की मुक्काम थांबले तर वर्षभरात पॉइंट बुडतील. काटेवाल्यांनी पत्र दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि एकदम लांबलचक वाक्य बोलले.

‘‘बेटावर जाऊ. त्यांचंच हॉटेल आहे. सात रात्री.’’

‘‘कोण?’’ वहिनींनी विचारलं.

‘‘आपण.’’

वहिनींनी त्या दिवशी दुकान अर्धा तास उशिरा उघडलं. समुद्र बघायचा म्हणून त्यांना आनंद झाला होता असं कुणाला वाटत असेल तर साफ चूक. त्यांनी शेजारणीजवळ मन मोकळं केलं ते असं:

‘‘अगं, पोरीच्या लग्नात सहा दिवस सलग घरी होते. त्याच्यावर कधी नाही. आणि आता दोन महिन्यांनी कायमचे येणार! मी दिवसभर बडबडी, ते ओठ शिवल्यासारखे. मला भीती वाटते गं. तिथे सात दिवसांत कळेल, की हा माणूस आणि मी एका घरात राहू शकतो का.’’

‘‘आणि नाही राहू शकलात तर?’’ शेजारणीने विचारलं. शेजारीणही काही कमी नव्हती.

‘‘तर दुकानात पोटमाळा आहे,’’ वहिनी म्हणाल्या. हसत म्हणाल्या, पण हातातली शिवण उसवून पुन्हा घालावी लागली.

विमानाची तिकिटं लेकीने काढली. खोली मात्र काटेवाल्यांनी स्वतः बुक केली. पॉइंटवर खोली मिळवणं म्हणजे दिव्य असतं. गर्दीच्या महिन्यांत मिळत नाही, मोकळ्या महिन्यांत कधीतरी दोन दिवस उघडते आणि बघता बघता जाते. ते आठवडाभर रोज सकाळी मोबाईल घेऊन बसले. एके दिवशी खोली दिसली. त्यांनी झटकन ‘मागच्यासारखंच’ असं लिहिलेलं बटण दाबलं. गेली कित्येक वर्षं तेच दाबत आले होते. अंगठ्याला सवयच ती.

विमान उतरलं. पुढे लहानशा धक्क्यावरून हॉटेलची बोट. आठ जणांची जागा, आठ जाकिटं. यादी घेऊन उभ्या असलेल्या बाईने नाव शोधलं, काळं कार्ड बघून मान लववली आणि वहिनींकडे पाहिलं.

‘‘सर, बुकिंग एकाचंच आहे. प्रौढ, एक.’’

काटेवाल्यांनी मोबाईल काढला. पाहिला, पुसला, पुन्हा पाहिला. चेहरा पांढराफटक पडला.

‘‘एकच?’’ वहिनी म्हणाल्या. ‘‘अहो, मी कोण मग? सामान?’’

‘‘चुकून...’’

‘‘लोक छत्री विसरतात, चष्मा विसरतात. तुम्ही बायको विसरलात! बटण दाबताना आठवली नाही?’’

यादीवालीने ओठ दाबून धरले. बोटीतली माणसं उगाच समुद्राकडे बघायला लागली. खोलीत दोघं राहू शकतात, तिकडे नाव घालून घेतील, पण या फेरीला जागा एकच, पुढची बोट दुपारी चारला, असं तिने सांगितलं.

‘‘तू जा,’’ काटेवाले म्हणाले. ‘‘उन्हात नको थांबूस.’’

वहिनी इतक्या संतापल्या होत्या, की ‘तुम्ही?’ असं विचारायचंही राहून गेलं. पर्स छातीशी धरली आणि बोटीत बसल्या.

बेटावर रिसेप्शन म्हणजे चारी बाजूंनी उघडी मोठी पडवी. तिथल्या मॅनेजरबाई पन्नाशीच्या, केस बारीक कापलेले, चष्मा दोरीला. त्यांनी नाव वाचलं आणि मान वर केली.

‘‘सर कुठेत?’’

‘‘मागच्या बोटीने येतायत. त्यांनी एकट्याचंच बुकिंग केलं होतं.’’ वहिनी अजून धुमसत होत्या.

मॅनेजरबाईंनी त्यांना खालून वर पाहिलं. ‘‘म्हणजे तुम्ही मिसेस? पँटवाल्या?’’

‘‘काय म्हणालात?’’

‘‘एका गिऱ्हाइकाच्या पँटचा एकच पाय तुम्ही दोनदा लांडा केलात, आणि तो भांडायला आल्यावर त्यालाच पटवलंत, की अहो, तुमचा डावा पाय आखूड आहे! मग तो आठवडाभर लंगडत चालत होता. त्याच ना तुम्ही?’’ बाई हसायला लागल्या. ‘‘मी आधी सिमेंटच्या कारखान्याजवळच्या आमच्या हॉटेलात होते. सरांनी ही गोष्ट नाश्त्याच्या वेळी सांगितली होती. आचारी बाहेर येऊन ऐकत होता. लंगडून दाखवलं होतं त्यांनी.’’

वहिनींनी काउंटरला हात टेकला. गोष्ट खरी होती. पण अठरा वर्षांपूर्वीची, आणि त्यांनी ती एका रविवारी सांगितली होती, समोर नवरा तोंडावर पेपर घेऊन घोरत असताना.

‘‘लंगडून दाखवलं?’’ त्यांनी विचारलं. ‘‘आमच्या ह्यांनी?’’

‘‘सर म्हणजे नुसती धमाल. हे बघा ना.’’ बाईंनी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. पाहुण्यांना काय आवडतं, काय नाही, ते सगळी हॉटेलं लिहून ठेवतात. काटेवाल्यांच्या नावाखाली बावीस वर्षांचं लिहिलेलं होतं. उशी एक, कडक. खोली जिन्याजवळ. स्वयंपाकघरातला काटा फुकट तपासून देतात. आणि एका हॉटेलने लिहिलं होतं: गप्पा आवडतात, सकाळी बिल करताना पंधरा मिनिटं जास्त धरावीत.

वहिनींनी ती ओळ दोनदा वाचली. गप्पा आवडतात!

खोली सुरेख होती, ते सांगायला हवं. पांढरी चादर, लाकडी फरशी, बाहेर ओटा, ओट्यावर वेताच्या दोन खुर्च्या आणि पाच पावलांवर पाणी, तळ दिसेल इतकं नितळ. वहिनींनी काय केलं? पडद्याची दुमड उलटी करून टाका बघितला. बरा होता. मग फ्रिज उघडला, कपाट उघडलं, प्रत्येक खण उघडला. मग उघडायला काही उरलं नाही आणि त्या खुर्चीत बसून राहिल्या.

आता त्यांना राग नव्हता, वाईट वाटत होतं.  मुका माणूस असता तर एक वेळ गोष्ट वेगळी, मुक्याबरोबर निभावता येतं. पण हा तर बोलका निघाला! आचाऱ्याशी बोलतो, मॅनेजरशी बोलतो, नकला करतो. फक्त माझ्याशी नाही. म्हणजे खोट माझ्यातच. बोलका तो हॉटेलवाल्यांनी वापरून संपवला, आणि निवृत्त होऊन माझ्या घरी येणार तो उरलेला.

पावणेपाचला काटेवाले आले. ऊन लागून कान लाल झाले होते. बॅग दाराशी ठेवून ते उभेच राहिले.

‘‘चूक झाली,’’ ते म्हणाले.

‘‘ते राहू दे. बसा इथे.’’ वहिनींनी समोरची खुर्ची दाखवली. ‘‘लंगडून दाखवा.’’

‘‘हं?’’

‘‘हं नाही. पँटवाला कसा चालायचा, ते मलाही बघायचंय. त्या सिमेंटवाल्यांच्या आचाऱ्याने बघितलंय. ती पँट मी कापली होती, माझा हक्क आधी आहे.’’

काटेवाल्यांनी खाली पाहिलं. कान आणखी लाल झाले.

‘‘झोपला नव्हतात तुम्ही त्या दिवशी,’’ वहिनी म्हणाल्या.

‘‘नाही.’’

‘‘मग हसला का नाहीत? बावीस वर्षं मी पेपराशी बोलतेय! बाहेर सगळ्यांशी गप्पा, आणि घरी आलात की दातखीळ. माझ्यात काय कमी आहे, ते एकदा सांगून टाका. म्हणजे मी तशी तयारी करते.’’ त्यांचा आवाज फाटला.

‘‘अगं, कमी कसलं,’’ काटेवाले घाबरून म्हणाले. ‘‘मी बाहेर सांगतो ते सगळं तुझंच असतं. माझ्याकडे स्वतःचं काय आहे? ट्रक चढला, ट्रक उतरला. तुझ्या गोष्टी तुलाच कशा सांगणार? तुला माहीतच असतात.’’

वहिनी गप्प झाल्या. आधी कधी झाल्या असतील तर गल्लीला आठवत नाही. मग खुर्ची जराशी पुढे ओढली.

‘‘मला माहीत नसलेली एक सांगा,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मी आचारी आहे असं समजा.’’

काटेवाले समोरच्या खुर्चीत टेकले. 

‘‘माझी बायको आहे,’’ ते म्हणाले. ‘‘तिचं आल्टरचं दुकान आहे.’’

‘‘बरं, मग?’’

‘‘मी एकदा लवकर परतलो. सहाला येतो म्हणालो होतो, बस चारलाच आली. स्टॉपसमोर चहाचं दुकान आहे, तिथून तिचा गाळा दिसतो. ती हसत होती. समोर तीन बायका, एक म्हातारा, आणि ही टाचण्या तोंडात धरून काहीतरी सांगतेय आणि सगळे पोट धरून हसतायत. मी बॅग उचलली. मग वाटलं, आपण गेलो की ही मशीन बंद करणार, गिऱ्हाइकांना उद्या या म्हणणार, पाणी आणणार, उभी राहणार. हसणं मोडणार. म्हणून चहा घेत बसलो. आवाज येत नाही तिथे, पण हात दिसतात. हातांवरून बरंच कळतं.’’

‘‘आणि सहाला आलात.’’

‘‘सहाला.’’

वहिनींच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि त्यांनी ते पुसलं नाही. ‘‘किती वेळा केलंत असं?’’

‘‘बस नेहमी चारलाच येते,’’ काटेवाले म्हणाले.

पाण्यावर ऊन उतरायला लागलं होतं. शेजारच्या खोलीतली माणसं पोहायला निघाली, त्यांनी हात हलवला, यांनी दोघांनीही पाहिलं नाही. वहिनींनी नाक ओढलं, पदराने तोंड पुसलं आणि एकदम सरळ बसल्या.

‘‘परत गेलो की मला तिथे घेऊन चला,’’ त्या म्हणाल्या. ‘‘चारला. त्याच टेबलाशी बसायचं. तिथून मी कशी दिसते, ते मला बघायचंय.’’

‘‘तू इकडे बसलीस तर तिकडे दुकानात कोण दिसणार?’’ काटेवाल्यांनी विचारलं.

 वहिनींना हसू फुटलं, मोठ्याने. काटेवाले उठले नाहीत, कुठे गेले नाहीत. समोरच्या खुर्चीत बसून ऐकत राहिले.