भाऊजींच्या गाडीचा आवाज

रविवार, सकाळ. पिरंगुटजवळचं गॅरेज. हजर: भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर, त्यांची गाडी, गॅरेजवाला, मी, आणि मागच्या सीटवर झोपलेले आमचे हे, नावापुरते.

सायलेन्सरवर इतका जीव टाकणारा माणूस अख्ख्या मुळशी तालुक्यात दुसरा सापडणार नाही, आणि सापडलाच तर त्याच्या वहिनीला माझा नमस्कार सांगा. कानाच्या डॉक्टरांनी भाऊजींना स्पष्ट सांगितलं होतं, ऐकू येणं कमी होत चाललंय, यंत्र लावा. भाऊजींनी यंत्र लावायचं ठरवलं, पण गाडीला. गाडी दिसायला चारचौघींसारखी, इंजिन मात्र शर्यतीचं. तिचा आवाज हल्ली दबलाय, असं त्यांचं म्हणणं. तेव्हापासून आमच्या भुकूमच्या घरात जेवताना विषय एकच: सायलेन्सर स्टीलचा बरा की टिटॅनियमचा. आमटी वाढू का, असं तीनदा विचारलं की उत्तर येतं, "टिटॅनियम हलकं पडतं, वहिनी." ऐकू आलं नाही हे कबूल करायचं नाही, म्हणून ते सगळ्यांना हसून दाद देतात. शेजारचे आजोबा गेल्याचं सांगायला आलेल्या माणसालाही "वा, छान!" म्हणाले. ते निस्तरायला मी गेले. मात्र लिफ्ट बंद असताना त्याच घरी तेराव्या दिवसापर्यंत पाण्याचे जार चढवले ते भाऊजींनीच, न सांगता.

तर गॅरेजात तीन सायलेन्सर आळीपाळीने बसवून ऐकायचे होते, आणि भाऊजींच्या भाषेत "जनमत" द्यायला मी होते. पहिला मला आमच्या मिक्सरसारखा वाटला. दुसराही मिक्सरच, पण खोबरं घातलेला. तिसऱ्याला गॅरेजचे पत्रे थडथडले, दोन कुत्री भरे गावाच्या रस्त्याने पळाली आणि आमचे हे दचकून उठले. भाऊजी डिकीवर तळहात ठेवून, डोळे मिटून उभे.

"हा जरा सभ्य वाटतो," ते म्हणाले.

"सभ्य?" गॅरेजवाल्याने कपाळावर हात मारला. "सायेब, ह्यो बसवला तर पोलीस तुमच्यासंगं मला बी उचलत्याल. लई झालं, चहा घ्या आता."

सकाळपासून उभं राहून माझे पाय दुखत होते. मी त्यांच्या कानाशी जाऊन म्हणाले, "भाऊजी, आधी कान, मग सायलेन्सर. उद्या डॉक्टरांची वेळ घेते."

हे बरोबर ऐकू आलं. डिकीवरचा हात मात्र त्यांनी उचलला नाही. "वहिनी, गिअर कधी बदलायचा ते पूर्वी गाडीच सांगायची. यंत्र लावूनही तिचं बोलणं कळलं नाही, तर? मग काय बदलायचं?"

किंमत, वॉरंटी, सोसायटीची तक्रार, सगळ्याची उत्तरं मी घरून ठरवून आणली होती. ती तशीच ठेवून मी गॅरेजवाल्याकडून चहाचे दोन कप घेतले, एक त्यांना दिला.

शेवटी जुनाच सायलेन्सर परत बसवला. घरी परतताना, घाट चढताना ते पुढे बघत म्हणाले, "कशी वाजतेय?"

गाड्यांतलं मला काडीचं कळत नाही. तरी कान देऊन ऐकलं. "ओरडतेय बिचारी. बदला आता."

त्यांनी गिअर बदलला. गाडी शांत झाली.

घरापाशी गाडीतून उतरताना म्हणाले, "घ्या वेळ डॉक्टरांची. पण मी येईन का, ते आत्ता विचारू नका."

सोमवार गेला, मंगळवारही गेला. बाकी सगळी कामं उरकली. डॉक्टरांना तो फोन तेवढा करायचा राहिलाय.