दाक्षायणीच्या हातातलं तेल

समई बाईची असते की तिच्या नवऱ्याची? सांगा. घाई नको. तुमच्या देव्हाऱ्यातली समई कोण घासतं, वात कोण वळतं, तेल संपत आलं की कुणाच्या जिवाला घोर लागतो, ते आठवा आणि मग सांगा. आमच्या सोलापुरात गेल्या वर्षी हा प्रश्न एका देवळात उभा राहिला. उत्तर दिलं इडलीचं पीठ विकणाऱ्या एका बाईनं, आणि ते देताना ती फारशी बोललीसुद्धा नाही.

दाक्षायणी शुक्रवार पेठेत राहते. तमिळ बाई, पण जन्म इथलाच. बाप रेल्वेत लागला म्हणून इकडं आला, नवराही रेल्वेतलाच फिटर. सकाळी तिच्या दारात डबे घेऊन बाया उभ्या असतात आणि ही पीठ घालता घालता एकेकीला सुनावत असते. "काल आंबट झालं म्हणतीस? पीठ चांगलं होतं गं. घरी सासूशी भांडून डबा उन्हात ठेवला असशील." सगळी पेठ तिला अक्का म्हणते. मीही म्हणते. बिडी कामगार बायांच्या कामासाठी गल्ल्या तुडवून पाय दुखले की माझी बसायची जागा म्हणजे तिचा ओटा.

रेल्वे लाइन्स भागात तमिळ लोकांचं अम्मन देवीचं छोटं देऊळ आहे. त्यांच्या आडी महिन्यात, म्हणजे आपल्या आषाढ-श्रावणाच्या सुमाराला, एका शुक्रवारी संध्याकाळी तिथं चक्क दिव्याचीच पूजा होते. प्रत्येक बाई घरची समई घेऊन येते आणि ओळीत बसते. समईला गंध-कुंकू लावते, गजरा घालते. पुजारी मंत्र म्हणतो आणि देवी त्या ज्योतीत येऊन बसते, अशी श्रद्धा. मग देवीची नावं घेत दिव्याच्या पायाशी चिमूट चिमूट कुंकू वाहायचं. देवी आली की जागचं उठायचं नाही, दुसरीच्या समईला हात लावायचा नाही. तेल घालायला एक बाई नेमलेली असते, तेवढी ओळींतून फिरते. शेवटी फुलानं ज्योत शांत करायची, तीही जिची तिनंच. सगळ्या शांत झाल्याशिवाय नैवेद्य नाही, प्रसाद नाही. आणि दिवा विझला असं म्हणायचं नाही. "डोंगरावर गेला म्हणायचं," अक्कानं मला समजावलं होतं. "देव डोंगरावर राहतोय की. आपल्या घरी जातोय परत."

अक्काची समई तिच्या आईची. पितळी, वर हंस, हंसाची चोच तुटलेली. अक्काच्या बाळंतपणात तिच्या आईनं ती देवळात नेली होती, पण त्या शुक्रवारी ती समई पेटली नाही असं कधी झालं नव्हतं.

मग नवरा गेला. कामावरून आला, पाणी मागितलं आणि गेला. पुढच्या आडीत देवळाच्या मंडळाचा अध्यक्ष षण्मुगम तिच्या ओट्यावर येऊन बसला. माणूस गोड बोलणारा. "अक्का, वाईट वाटून घेऊ नका. पूजा सुवासिनींची. यंदा ओळीत बसू नका. पण तुमच्याशिवाय पूजा कशी होणार? तुम्ही सेवा करा. तेल तुम्हीच बघा."

"वा साहेब!" मी बशी आपटली. "माणूस गेला, त्याच्याबरोबर समई पण जाळून आलात का?"

"तू गप," अक्का मला म्हणाली. आणि त्याला म्हणाली, "बरं."

तो गेल्यावर मी तिच्यावर उखडले. "बरं काय, बरं? बाया गोळा करते. फलक घेऊन देवळाच्या दारात बसू. पेपरवाल्यांना बोलावते."

"आणि दिवे?"

"दिव्यांचं काय?"

"तू एकदा घोषणा दिलीस की वारं सुटतंय. सगळ्या ज्योती जातील की."

हसली. हसत हसतच उठली, समई नवऱ्याच्या खाकी शर्टात गुंडाळली आणि माळ्यावर ठेवायला स्टुलावर चढली. वरून म्हणाली, "हिला डोळे न्हाईत. पण कळतंय हिला."

शुक्रवारी मी गेले ते दात खाऊनच. दारात चांदबी गजरे विकत होती. ती अक्काची भिंतीला भिंत लागून शेजारीण, दरवर्षी त्या दिवशी फुलांची पाटी घेऊन तिथंच बसते. मला म्हणाली, "गुस्सा बाहर रख को जा. अंदर चिराग हैं."

आत गेले आणि खरंच सांगते, राग कुठं ठेवला ते मलाच कळलं नाही. मंडपातल्या ट्यूबलाइट बंद केल्या होत्या. ओळीमागून ओळी, आणि प्रत्येक ओळीत फक्त ज्योती. बायांचे चेहरे खालून उजळलेले. रोज भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी हुज्जत घालणारे तेच चेहरे, पण त्या उजेडात कुणाला अगं म्हणायची माझी छाती झाली नसती. कुंभारीहून आलेली सिद्धम्मा तिसऱ्या ओळीत होती. माझ्या संघटनेतली, बिड्या वळणारी, घरात कन्नड बोलणारी. अक्काकडून ऐकून स्वतःची समई घेऊन आली होती. तिला बसू दिलं. नवरा होता ना तिला.

आणि त्या ओळींमधून अक्का चालत होती. पांढरट साडी, हातात तेलाचं भांडं. वाकायची, काडीनं वात पुढं सारायची, तेलाची धार सोडायची, पुढच्या समईकडं जायची. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मंडळानं काय करून ठेवलं होतं बघा! एका समईपासून हिला लांब ठेवलं आणि देवळातली एकूण एक समई हिच्या हातात दिली. षण्मुगमच्या घरची समईसुद्धा. प्रत्येक बाई, ही वाकली की, तिला पाया पडल्यासारखी मान झुकवत होती.

नावं संपली. पुजारी म्हणाला, "आता फुलानं दिवे शांत करा."

"मी न्हाई करत," तिसऱ्या ओळीतून आवाज आला. सिद्धम्मा. "अक्काची समई कुटं हाय?"

षण्मुगम पुढं आला. "बाई, तुम्ही पाहुण्या. रीत आमची आहे."

"रीत तुमची. तेल कुणाच्या हातचं? जिनं माझा दिवा जगवला तिचा दिवा न्हाई, मग मी फूल कसं उचलू? न्हाई उचलत बगा."

तिच्या शेजारणीनं हातातलं फूल मांडीवर ठेवलं. मग तिच्या पलीकडचीनं. बघता बघता ओळी थांबल्या. मी संप पाहिलेत, केलेत, मोडलेलेही पाहिलेत. असला संप नाही पाहिला. एक घोषणा नाही. बाया नुसत्या बसून, समोर ज्योती जळत्या, आणि अख्खं देऊळ अडकलेलं.

तेल खाली जात होतं. देवी असताना ज्योत उपाशी जाणं म्हणजे मोठा अपशकुन. मी खांबाआडून अक्काला गाठलं. "अक्का, भांडं खाली ठेव. तेल थांबव. आत्ता हात जोडत येतात बघ."

तिनं माझ्याकडं असं पाहिलं की मी मागं सरकले.

"भांडण माझं त्यांच्याशी हाय," ती म्हणाली. "दिव्यानं काय केलंय?"

आणि गेली ती थेट पहिल्या ओळीत. षण्मुगमची बायको पोन्नी, तिची ज्योत लवत होती. अक्कानं वात सारली, तेल घातलं. ज्योत उभी राहिली. पोन्नीनं तिचं मनगट धरलं, सोडेना. मान वर करून नवऱ्याला म्हणाली, सगळ्यांना कळावं म्हणून मराठीतच म्हणाली, "तुमच्या आईनं मामंजी गेल्यावर समईला हात लावला न्हाई. भिंतीकडं तोंड करून बसायच्या ह्या दिवशी. मी बघितलंय. मलाबी तसंच बसवायचं हाय का?"

षण्मुगम चष्मा काढून पुसत राहिला. पुजारीच वैतागला. "देवीला किती ताटकळत ठेवायचं? आणा समई!"

"मैं लायी ना!" दारातून आवाज. चांदबीनं पाटीतले गजरे बाजूला सारले आणि खाली हात घातला. "चाबी मेरे कनेच रहती अक्का की. कब से ले को बैठी, कोई पूछताच नै."

अख्खं देऊळ हसलं. खाकी शर्ट सुटला. तुटक्या चोचीचा हंस हातोहात, ओळीमागून ओळ, पुढं गेला. पोन्नी सरकली, अक्काला शेजारी बसवलं आणि आपल्या ज्योतीवर तिची वात पेटवली.

 अक्कानं कुंकू घेतलं, कपाळाला लावलं नाही, समईच्या पायाशी वाहिलं. तेवढंच. पण त्या क्षणी मंडपात जी शांतता झाली ती मला कुठल्या सभेत मिळालेली नाही. देव मानते की नाही हे मला विचारू नका. मी हात जोडले होते.

मग एकेक फूल ज्योतींवर टेकलं. पुजाऱ्यानं देवीला निरोप दिला, तरी अक्कानं आपली तेवढी शांत केली नाही, तेल संपेस्तोवर ठेवली. प्रसादाची घाई न करता बाया थांबून राहिल्या. ज्योत लहान झाली, निळी झाली, गेली.

"गेला," अक्का म्हणाली. "डोंगरावर. ह्यांच्याकडं."

मंडळानं ठराव-बिराव काही केलेला नाही. दारातल्या पाटीवर अजूनही 'सुवासिनींसाठी' असंच लिहिलंय. पाट्या उतरवायला वेळ लागतो, ते मी बघून घेईन. तुमच्याकडं मागणं एवढंच. येत्या दिव्याच्या आवसेला घरातले दिवे घासून पाटावर मांडाल, तेव्हा गल्लीतल्या, नवरा गेलेल्या एका तरी बाईच्या दारात स्वतः जा. तिची समई माळ्यावर असेल. ती खाली काढायला तिला हात द्या, आणि पहिली वात तिला लावू द्या.