झाकलेलं पाणी

बेलापूरच्या एका ऑफिसात मी नकाशे छापते, कापते, घड्या घालते. शाळा सातवीतच सुटली. छपाईचं मशीन तिथल्या नकाशे करणाऱ्या मॅडमनी शिकवलं, घणसोली गावातली खोलीही त्यांच्याच ओळखीने मिळाली. म्हणूनच त्या दिवशी त्यांच्यासमोर जीभ रेटेना.

मशीनमधून आमचाच डोंगर बाहेर येत होता. उंचीच्या रेषा दाट, हिरवं रान, झऱ्यांचे निळे ठिपके. आमच्या वाडीच्या वर मात्र ठिपका नव्हता. नव्या रस्त्याची लाल रेघ नेमकी तिथूनच गेली होती.

मोजणीवाले आले तेव्हा मी सुट्टीला वाडीतच होते. मे महिना होता. उन्हाळ्यात आम्ही झऱ्यावर कातळाची फरशी ठेवतो, वर करवंदीच्या काट्या टाकतो, नाहीतर रानडुकरं लोळून चिखल करतात. त्यांनी पाणी कुठंय विचारलं, सगळ्यांनी नाही म्हटलं. शेजारच्या वाडीने एकदा पाहुण्यांना झरा दाखवला होता; वर्षभरात तिथून कुणाच्या तरी बंगल्याला पाइप गेला. माझ्या डोक्यावर भरलेला हंडा होता. हे खालच्या ओढ्याचं, असं मीही सांगितलं.

नकाशा दुसऱ्या दिवशी मंजुरीला जायचा होता. जेवणाच्या सुट्टीत मी तो मॅडमसमोर पसरला आणि सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता नोकरी गेली.

"म्हणजे मोजणीवाल्यांनाही डुकरांतच धरलंत," त्या म्हणाल्या.

मग पेन्सिल माझ्या हातात दिली. रेषांची गर्दी सुटते, चढ संपून पाय सैल पडतात, तिथे मी ठिपका काढला. तो लाल रेघेवरच पडला. मॅडमनी नकाशा थांबवला. सोमवारी स्वतः जाऊन बघते म्हणाल्या. उघडं पाणी दिसलं तरच रेघ हलवता येईल.

आईला फोन केला. सोमवारी फरशी काढून ठेव म्हटलं. वाडीला न विचारता सांगितलंस, एवढंच ती बोलली. मग म्हणाली, "फरशी एकटीला उचलत नाय. दुसऱ्या बाजूला कुणाला उभी करू?"

दुसऱ्या बाजूला कायम मीच असायचे.

मलाही गाडीत घ्या, असं मॅडमना सांगितलं. त्या लगेच हो म्हणाल्या. पण रस्ता वळला तरी ठिपका नकाशावर राहणारच, आणि तो पुसणं आता माझ्या हातात नाही.