जिन्यात तपासलेल्या ओळी

चि. सई आणि चि. मिहीर,

रविवारी फोनवर तुम्ही दोघांनी विचारलंत, "आजी, बाबा इतके बोलावत होते, तर तू आमच्याकडे राहायला का नाही आलीस?" याचं उत्तर फोनवर नीट देता आलं नसतं, म्हणून लिहिते. त्या उत्तरात आपले तळमजल्यावरचे शेजारी येतात, आणि ते गेल्या महिन्यात गेले. घाबरू नका, नाशिकला मुलीकडे राहायला गेले. पण माझं हे वाक्य त्यांना आवडलं असतं, कारण ते वाचून तुम्ही दचकलात आणि पुढे वाचलंत. माणसाला पुढचं वाचायला लावण्यात त्यांचा हात धरणारा अख्ख्या पनवेल तालुक्यात कोणी नव्हता. उरणचं मला ठाऊक नाही.

न्हावा शेवा बंदरातल्या एका कचेरीतून ते निवृत्त झाले, तेव्हा त्यांचा भाचा रोडपालीला इमारत बांधत होता. घरी बसल्याने ते कंटाळले की त्यांची बायको, हे कधी कळलं नाही, पण भाच्याने त्यांना आपल्या ऑफिसात नेऊन कॉम्प्युटरसमोर बसवलं. तेव्हापासून आमचा सगळा जिना त्यांना मामा म्हणू लागला. काम एकच, चौकशी करून गेलेल्या लोकांना ईमेल पाठवायचे. मेल उघडण्याआधी वर जी एक ओळ दिसते, तिला मामा 'विषय' म्हणत. भाच्याने लिहिलेला विषय होता, 'ड्रीम होम! त्वरा करा! शेवटचे काही फ्लॅट!' मी शाळेत इंग्रजी शिकवलेलं, म्हणून मामा तो मजकूर तपासायला माझ्याकडे घेऊन आले. मी म्हटलं, "अहो, पाया भरायचाय अजून. शेवटचे कुठून आले?" ते इतके हसले की चहा बशीत सांडला. "बाई, म्हनूनच कोन उघडत नाय. खोट्याला वास येतो, सुकटीसारखा."

त्या दिवसापासून त्यांनी स्वतःची पद्धत काढली. विषय सुचला की जिन्याच्या तळाशी उभं राहून तो खणखणीत आवाजात म्हणायचा आणि किती दारं उघडतात ते बघायचं. "शेजारी दार उघडत नाय, तर अनोळखी मानूस मेल उघडंल का?" हा त्यांचा सिद्धान्त. 'प्रशस्त, हवेशीर, दोन बेडरूमचे फ्लॅट' या ओळीला फक्त दुसऱ्या मजल्यावरच्या कुकरने शिट्टी दिली. मग एका सकाळी मी वर्तमानपत्र वाचत असताना खालून आरोळी आली, "बाल्कनीतून खाडी दिसते, आनि संध्याकाळी डासबी!" मी दार उघडलं, समोरच्या वहिनींनी उघडलं, वरचे गृहस्थ तर गालाला लावलेल्या साबणासकट बाहेर आले. मी डासांवर हरकत घेतली. मामा म्हणाले, "बरं, काढा डास. मंग दार उघडलं असतं का तेवढं सांगा." मी प्रामाणिकपणे विचार केला आणि डास ठेवले. त्या मेलनंतर इमारत बघायला बरीच माणसं आली, आणि सगळ्यांनी आधी डासांची चौकशी केली. भाचा कपाळाला हात लावून म्हणाला, "मामा, तुमी फ्लॅट विकता का मलेरियाचं खातं चालवता?"

हळूहळू हा नाद घरातही शिरला. मासळीबाजारातून मामींना फोन जायचा, "विषय, जिताडा मिळाला. बाकी घरी आल्यावर." मामी म्हणायच्या, "लग्नाच्या टायमाला यांना बोलायला विषय नवता, आता थांबत नाय." सोसायटीच्या फळ्यावर 'पाणीपुरवठ्याबाबत' असं लिहिलेलं असायचं, ते पुसून मामा 'आज बादल्या भरून ठेवा' लिहीत. मी शिस्तीची बाई, मला हा बदल मनापासून पटला. तुमचे आजोबा गेले त्या दिवशी मात्र मामा वर आले, खुर्चीत बसून राहिले. जाताना आपला कप विसळून ठेवून गेले.

वर्षश्राद्ध झाल्यावर तुमच्या बाबांनी घर विकून तिकडे येण्याचा आग्रह धरला. त्याचं चुकत नव्हतं. एकटीने राहण्याची मलाही धास्ती होतीच, म्हणून मी हो म्हटलं आणि सामानावर चिठ्ठ्या लावल्या, 'न्यायचं', 'द्यायचं', 'टाकायचं'. घर विकायचं काम साहजिकच मामांवर सोपवलं. चुटकीसरशी विषय सुचणारा हा माणूस आठ दिवस जिन्यात फिरकला नाही. मग एका दुपारी खालून, नेहमीपेक्षा हळू, ऐकू आलं, "बाई घर विकतायत." सगळी दारं उघडली. मामांनी वर बघितलं, "चालंल" म्हणाले, आणि मेलमध्ये माझं नाव आणि फोन नंबर घालून भाच्याच्या यादीतल्या सगळ्यांना तो धाडून दिला.

ती सगळी पनवेल, कळंबोली, उरणची माणसं, आणि त्यातली निम्मी माझ्या वर्गात बसलेली! दुसऱ्या दिवसापासून फोन खाली ठेवता येईना. "बाई, का जाताय?" "बाई, पाण्याचा त्रास आहे का? प्लंबर पाठवू?" बंदरावर ट्रेलरच्या धंद्यात चांगला जम बसवलेला एक विद्यार्थी, ज्याला मी कितीदा वर्गाबाहेर उभं केलं होतं, तो बायकोला घेऊन थेट घरी आला. मी त्याला खोल्या दाखवायला उठले, तर म्हणाला, "घर घ्यायला नाय आलो, बाई. विचारायला आलोय, तिकडं तुमाला बाई कोन म्हननार?"

मी त्याला पाणी दिलं. खोल्या दाखवायच्या राहूनच गेल्या.

घर बघायला एकही माणूस आला नाही. भाचा मामांना घेऊन तणतणत वर आला, "मामा, घर विकायचं होतं का बाईंचा सत्कार करायचा होता?" मामा शांतपणे म्हणाले, "सगल्यांनी मेल उघडला का नाय? आपलं काम तेवढंच." तो गेल्यावर मी विचारलं, "मामा, खरं सांगा, हे मुद्दाम केलंत ना?" "नाय ओ बाई. दोन बेडरूम सगल्यांच्याच घरात हायेत. तुमच्या घरात सांगन्यासारखं काय हाय? तुमी. विषय खोटा असंल तर काट मारा."

मी काट मारली नाही. संध्याकाळी सामानावरच्या चिठ्ठ्या काढल्या आणि तुमच्या बाबांना फोन करून सांगितलं, मी इथेच राहते. तो आधी रुसला, मग त्याने दर रविवारी फोन करायचं कबूल केलं. तुमच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे.

आता मामांचे गुडघे साथ देत नाहीत, म्हणून मुलीने त्यांना नेलं. खाली नवं जोडपं आलंय, चांगलं आहे, पण दोघं दिवसभर कामावर असतात. मामींनी जाताना ओव्याची कुंडी माझ्याकडे दिली. प्रवासाच्या गडबडीत कोणी तिला पाणी घातलं नव्हतं, पानं मलूल झाली होती. ती कुंडी मी स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली आहे. ओवा जगला आहे.