साक्षगंधाचे जेवण

वर्ध्याच्या नोकरीतले एक प्रकरण अजूनही माझ्या मनातून उतरत नाही. त्यात रक्त नव्हते, दरोडा नव्हता. वाळ्याच्या ताट्यांचा ओला गारवा होता, परतलेल्या जिऱ्याचा वास होता, आणि एका मुलीचे ठरलेले लग्न टांगणीला लागले होते.

नव्वदचे दशक सरत आले होते आणि मी पोलीस ठाण्यात सहायक निरीक्षक होते. सकाळची हजेरी आटोपून स्टेशन डायरी पाहत असताना ती दारात येऊन उभी राहिली. रोहण्याच्या एका शिंप्याची मुलगी, नुकतीच सज्ञान झालेली. ठाणे अंमलदारांनी विचारूनही तिने तोंड उघडले नव्हते. इथे बाई अधिकारी आहेत असे कळल्यामुळे ती एकटीच एसटीने आली होती.

तिचे साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, पवनारजवळच्या एका हॉटेलात झाले होते. घरी पंगत घालण्याऐवजी हॉटेलात जेवण देण्याची टूम तेव्हा नवी होती. वडिलांनी ताटामागे भाव ठरवला होता आणि तेवढे पैसे सोबत नेले होते. बिल मात्र फुगून आले. बाटलीतले पाणी, पापड, सॅलड, गुलाबजाम यांचे वेगळे पैसे, कूलरच्या खोलीचे वेगळे, वाढण्याचेही वेगळे. व्याही बाहेर जीपमध्ये बसून होते. मालकाने आवाज खाली आणून सुचवले, काहीतरी ठेवून जा, सवडीने सोडवा. हात धुवायला आलेल्या मुलीच्या कानावर ते पडले. होणाऱ्या सासूने त्याच दुपारी गळ्यात घातलेला सोन्याचा गोफ तिने उतरवला आणि वडिलांच्या मुठीत दिला. पुढे वडील उरलेली रक्कम घेऊन गेले, तर मालकाने गोफ सांभाळल्याचे म्हणून आणखी पैसे मागितले. रविवारी बस्ता होता, म्हणजे दोन्ही घरांनी मिळून करायची लग्नाची कापडखरेदी. सासूसमोर मोकळ्या गळ्याने कसे बसायचे, हा तिचा प्रश्न होता.

"बाबाले नोका सांगू म्याडम, मी इथं आली म्हणून," ती म्हणाली. "गोफ रविवारच्या आत पाह्यजे. नाई त लगन गेलंच समजा."

मी तिला अडचण स्पष्ट सांगितली. गुन्हा नोंदवला की गोफ मुद्देमाल म्हणून जप्त होणार आणि चौकशी मुलाच्या दारापर्यंत जाणार.

आधी ते हॉटेल पाहायचे ठरवले. साध्या कपड्यांत आम्ही साक्षगंधाची मंडळी होऊन गेलो. मी मुलीची आई, एक महिला शिपाई नवरी आणि आमचे पोट सुटलेले हवालदार वरपिता. साक्षीसाठी घेतलेले दोन पंच शेजारच्या टेबलावर बसले. दारातच मालकाने हात जोडून अदबीने चौकशी केली, मुलीकडचे कोण? मी पुढे झाले. त्या क्षणापासून भाव छापलेले कार्ड आमच्याकडे फिरकले नाही. पंचांच्या टेबलावर मात्र ते होते, आणि स्टीलच्या पेल्यांत माठाचे पाणी होते. आमच्याकडे न मागता बाटल्यांची सील कटकट तुटू लागली. पापड, सॅलड, पाकात चमकणारे गुलाबजाम, जे आले ते हवालदारांच्या पुढे ठेवले गेले, माझ्यापुढे नाही. परत न्या असे सांगण्यासाठी मी हात उचलला आणि तो हवेतच राहिला. नाटक होते, तरी समोर व्याही बसला होता. हवालदारांनी मात्र भूमिका मनापासून वठवली. बाहेर पडताना म्हणाले, वरपिता व्हायची ड्युटी असेल तर मॅडम, माझी साप्ताहिक सुट्टी रद्द केली तरी चालेल.

दुसऱ्या दिवशी मालकाला ठाण्यात बोलावले. खुर्चीवर मला पाहून तो क्षणभर चपापला, मग सावरला. गोफ आपल्याकडे आहे हे त्याने नाकारले नाही. राजीखुशीने ठेवला, म्हणाला. न मागता वाढता का, या प्रश्नावर तो चक्क हसला.

"आम्ही काई कोणाच्या तोंडात घास कोंबत नाई म्याडम. पाव्हण्याइनं मांगलं, आम्ही देल्लं. जा ना, विचारा त्याइले."

त्या हसण्यातच त्याचा सगळा धंदा होता. ज्याला विचारणे मुलीच्या बापाला मरणाहून कठीण, तो व्याहीच त्याचा साक्षीदार होता.

मी मुलीला बोलावून पेच सांगितला. निर्णय तिचा होता. जबाबासाठी आम्ही मुलाच्या घरी गाडी पाठवली तर बातमी गावभर झाली असती. पदर सारखा करून ती म्हणाली, "तुमी नोका जाऊ. मीच सांगीन."

त्याच संध्याकाळी पिपरी मेघ्याहून एक बाई तिला सोबत घेऊन ठाण्यात आल्या. होणाऱ्या सासूबाई. बसायच्या आधीच त्यांनी जबाब लिहून घ्या म्हणून फर्मावले.

"कोणी मांगलं? आमचे हे त शुगरवाले. गोड तोंडालेच लावत नाई. पन मुलीच्या बाबानं एवढ्या हौसेनं ठेवलं असं समजलो आम्ही, मंग नाई कसं म्हनावं? दोन गुलाबजाम खाल्ले अन् रातभर तळमळत राह्यले." मग मुलीकडे वळून त्या म्हणाल्या, "गळ्यात गोफ नसला त काय झालं वो, तोंड त होतं ना तुले?"

मुलगी रडली नाही. खाली मान घालून हसली.

मालकाला पुन्हा बोलावून हा जबाब वाचून दाखवल्यावर त्याचे हसू मावळले. त्याने पाणी मागितले. ठाण्याच्या माठातले दिले.

"मुलाच्या बापापुढं ठेवलेली ताटली मुलीचा बाप वापस करत नाई," तो शेवटी म्हणाला. "एवढंच आम्हाले मालूम होतं, म्याडम."

फसवणुकीचा गुन्हा दाखल झाला. गल्ल्याच्या खणातून गोफ पंचांसमक्ष जप्त केला. गोफ मुद्देमालातच होता, तरी रविवारी बस्ता ठरल्याप्रमाणे झाला आणि लग्नही झाले. मुलीचे वडील नंतर ठाण्यात आले, नमस्कार करून गेले.

लुबाडणाऱ्याला नेहमी हत्यार लागतेच असे नाही. इथे दोन्हीकडचे लोक एकमेकांचा मान राखत न बोलता नको ते गिळत होते, आणि तो त्या शांततेचे बिल करत होता. पुढच्या नोकरीत फिर्यादी समोर बसला की काय झाले हे मी नंतर विचारत असे. आधी विचारत असे, हे तुम्ही कोणापासून लपवता आहात? आणि शक्य असेल तेव्हा त्या माणसालाच शेजारची खुर्ची देत असे.