भिसे खिंडीत सुटलेली दोरी

कान्हू निडीचा. त्याच्या घरी भाताची आणि वालाची शेती होती, पण त्याचं मन सायकलीत. सायकलीचे खेळ करणारी एक मंडळी पेणला आली तेव्हा तो त्यांच्याबरोबर निघून गेला. सहा वर्षांनी परत आला तो हौसाला घेऊन. हौसा कासूची. ती त्याच मंडळीत स्वयंपाकाला लागली होती, आणि मालकाचं लक्ष नसताना सायकल शिकली होती. पुढे ती सायकलीत कान्हूच्याही वरचढ झाली. चालत्या सायकलीच्या सीटवर उभी राहून दोन्ही हात पसरायची तेव्हा माणसं टाळ्या वाजवायचीही विसरायची.

मी सामाजी. रोह्यात माझं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. कान्हूच्या पाचही सायकली माझ्या हाताखालून जायच्या, म्हणून हे सगळं मी जवळून पाहिलं.

कान्हूने लष्कराच्या भंगारातली एक जीप आणि तिच्यामागे ओढायची दोनचाकी ट्रॉली घेतली होती. ट्रॉलीवर त्याने फळ्यांच्या भिंती उभ्या केल्या, वर पत्रा टाकला, आत एक बाज आणि चूल ठेवली. त्यांना मूलबाळ नव्हतं. पेण, कासू, नागोठणे, निडी, रोहा, पावसाळा सोडून बाकीचं वर्ष हा त्यांचा रस्ता आणि ती ट्रॉली त्यांचं घर.

सायकली न्यायच्या कशा, हे कान्हूने चुका करत शिकून घेतलं होतं. सुरुवातीला तो पाचही सायकली ट्रॉलीच्या मागच्या अंगाला टांगायचा. पण शेपटीला वजन झालं की पुढचा दांडा जीपच्या हुकात हलका पडतो आणि उतारावर ट्रॉली डुलायला लागते. मग त्याने दोन सायकली पुढे, दांड्याच्या वर आडव्या बांधल्या. तर वळणावर जीपचा कोपरा हँडलला लागायचा. म्हणून त्याने हँडलं वळवली, पायडलं काढून पिशवीत ठेवली. दोन सायकली पत्र्यावर निजवल्या. लोखंडाला लोखंड घासू नये म्हणून मधे जुन्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळल्या. दर दहा-बारा मैलांवर तो जीप थांबवून एकेक गाठ हाताने ओढून बघायचा.

पाचवी सायकल हौसाची. ती कधीच बाहेर बांधली नाही. ती आत, बाजेवर, गोधडीत गुंडाळलेली असायची. "ती आपली राणीसायब हाय," हौसा हसून म्हणायची, "मी खाली बसते, ती बाजेवर निजते."

एकाहत्तर सालच्या मार्गशीर्षात त्यांचा मुक्काम पेणला होता. तिथे कासूहून निरोप आला की हौसाची आई ठमाबाई तापाने फणफणली आहे. दोघं जीप-ट्रॉली घेऊन कासूला गेले. म्हातारी उठून बसण्याच्याही स्थितीत नव्हती. रोह्यात शनिवारी पाचचा खेळ जाहीर झालेला होता आणि रोह्यातल्या डॉक्टरांवर ठमाबाईचा विश्वास होता. तिला तिथेच न्यायचं ठरलं.

बाजेवर ठमाबाई निजली. साहजिकच हौसाची सायकल बाहेर आली. पुढे जागा नव्हती, पत्र्यावर दोन आधीच होत्या. कान्हूने ती मागे बांधली. चांगली घट्ट बांधली, असं तो मला नंतर कितीतरी वेळा म्हणाला. पण त्या दिवशी त्याचं अर्धं लक्ष आतल्या कण्हण्याकडे होतं. म्हातारीला धक्के बसू नयेत म्हणून तो हळू चालवत होता, आणि एकदाही न थांबता आला. थांबलं की ती जास्त कण्हायची.

नागोठणे-रोहा रस्त्यावरची भिसे खिंड उतरताना मागून खडखडाट ऐकू आला. दोरी सुटून सायकलीचं पुढचं चाक खाली लोंबत होतं, रस्त्यावर आपटत येत होतं. ओढ्यावरच्या एका मोरीवर मोठा दणका बसला तेव्हा कान्हूने गाडी थांबवली. उतरून बघितलं. चाक फिरवलं, सरळ फिरलं. पुढचं चाक धरणारा चिमटा हाताने चाचपला, रंग थोडा खरवडलेला, बाकी ठीक. पुन्हा बांधून ते रोह्याला आले.

ठमाबाईला डॉक्टरांच्या ओटीवर निजवून कान्हू सायकल हातात घेऊन थेट माझ्या घरी आला. दुपारचे दोन वाजले असतील. आम्ही बेने इस्रायल, कोकणातले यहुदी. आमचे बापजादे तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक आम्हाला शनवार तेली म्हणायचे. घाणे गेले, शनिवार राहिला. त्या दिवशी मी हत्याराला हात लावत नसे.

"सामाजीभाऊ," त्याने अंगणातून हाक मारली, "खिंडीत चाक आपटलं हो. जरा बघता का?"

मी आतूनच म्हणालो, "आज शब्बाथ ना रे. सांजेला तारे दिसले की बघतो."

"पाचचा खेळ हाय. हत्यार नका धरू. नुसतं डोळ्यानं बघा."

"चाक सरळ फिरतंय ना?"

"फिरतंय."

"मग काय नाय होत. संध्याकाळी घेऊन ये."

तो सायकल वळवून गेला. माझी बायको लीया म्हणालीसुद्धा, "बघितलं असतं तर काय झालं असतं?" डोळ्याने बघायला शब्बाथ आड येत नव्हता. मी जेवून आडवा झालो होतो, एवढंच.

खेळ कुंडलिका नदीच्या काठच्या मोकळ्या जागेवर होता. मी गेलो नव्हतो. लोकांनी सांगितलं ते असं, की हौसाने दोन फेऱ्या बसून मारल्या, तिसरीला सीटवर उभी राहिली, हात पसरले, आणि पुढचं चाक सायकलीपासून सुटून एकटंच पुढे गेलं. ती पाठीवर पडली, खेळासाठी ठोकलेल्या तंबूच्या खुंटीवर. उठवायला गेले तेव्हा म्हणाली, "माझं पाय कुठं हायत?"

मोठ्या दवाखान्यात दोन महिने ठेवलं. पाठीचा कणा दुखावला होता. कमरेखाली तिला पुन्हा काही कळलं नाही. ठमाबाई मात्र आठ दिवसांत खडखडीत बरी झाली, आणि पुढची चार वर्षं स्वतःच्या तापाला शिव्या देत जगली.

पडल्याच्या तिसऱ्या दिवशी कान्हू मोडलेला चिमटा फडक्यात गुंडाळून माझ्या दुकानात आला. त्याने तो माझ्यापुढे ठेवला.

"जुनी चीर असंल ना, सामाजीभाऊ?"

मी बघितलं. जुनी चीर असली की आत गंज धरलेला असतो, तेवढा भाग काळपट दिसतो. हा तुटलेला भाग सगळा लखलखीत होता. खिंडीतल्या दणक्याचा होता, दुसरं काही नाही.

"जुनीच," मी म्हणालो. "लोखंडातच खोट होती. तू काय करणार?"

कान्हूने तुकडा उचलला, उजेडात धरला, त्या चकाकीवरून अंगठा फिरवला. त्यालाही सायकलीतलं माझ्याइतकंच कळत होतं. तो फडक्यात तुकडा गुंडाळून निघून गेला.

खेळ संपला तो संपलाच. जीप विकली. ट्रॉली निडीला भावाच्या शेताच्या कडेला आणली, चाकं काढून दगडांवर ठेवली, कारण हौसाला भावाच्या घरात ओझं होऊन राहायचं नव्हतं. धाटावला कारखाने उभे राहिले तेव्हा कान्हू एका कंपनीत ठेकेदाराकडे हमालीला लागला. शिफ्टला जायच्या आधी तो हौसाला न्हाऊ घालायचा, कूस बदलायचा, संवेदना नसलेल्या पायांना तेल चोळायचा. शिफ्टच्या बसच्या टपावर लांबच्या गावचे कामगार सायकली टाकायचे. कान्हू आपणहून वर चढायचा आणि एकेक सायकल बांधायचा. गाडी सुटायची वेळ झाली तरी खाली उतरायचा नाही. लोक कावायचे. "अरे कान्हू, हाजरी जाईल!" तो म्हणायचा, "जाऊ द्या." कुणालाच कारण माहीत नव्हतं आणि त्याने कधी सांगितलं नाही.

मी आणि लीया महिन्या-दोन महिन्यांनी निडीला जायचो. हौसा बाजेवर पाठीला उशी लावून बसलेली असायची, मांडीवर सूप, सुपात वाल. आसपासच्या घरांचे वाल ती निवडून द्यायची. तिचं बोलणं तसंच मोकळं होतं. कान्हू मात्र तिच्यासमोर कधी खुर्चीवरसुद्धा बसायचा नाही. खाली, जमिनीवर, बाजेच्या पायाशी बसायचा.

एकदा कान्हू पाणी आणायला गेला असताना हौसाने सूप बाजूला ठेवलं.

"भावजी, एक सांगू? कुणाला बोलू नका. मी हाय तवर तरी नाय."

लीयाने माझ्याकडे बघितलं. हौसा म्हणाली, "त्या दिसी खेळाच्या आधी मी एक फेरी मारून बघितली होती. हँडलात कट करून वाजलं. दोनदा वाजलं. मला कळलं की काय तरी बिघडलंय."

"मग बोलली नाहीस?" मी विचारलं.

"माणसं येऊन बसली होती. आणि याचा चेहरा असा झालेला. सकाळपासून पोटात कण नाय, आईची काळजी, त्यात ती दोरी सुटलेली. मी बोलले असते तर खेळ मोडला असता, अन् हा सगळा दोष स्वतःवर घेऊन बसला असता. म्हटलं, आजचा दिवस निभावू."

एवढी वर्षं न बोललेलं मी बोलून टाकलं. त्या दुपारी तो दारात आला होता, नुसतं बघा म्हणाला होता, आणि मी उठलो नाही.

हौसा म्हणाली, "तुम्ही दार उघडलं नाय, मी तोंड उघडलं नाय. आणि भोगतोय तो." तिने सूप पुन्हा मांडीवर घेतलं.

त्र्याऐंशीच्या श्रावणात हौसा गेली. पाठीला जखमा झाल्या होत्या, त्या चिघळल्या. दिवसकार्य झाल्यावर मी निडीला गेलो. कान्हू रिकाम्या बाजेच्या पायाशी, त्याच जागी बसला होता. मला वाटलं, आता तरी याचं ओझं उतरवावं. मी सगळं सांगितलं. तिचंही, माझंही.

तो ऐकत राहिला. मग उठून उभा राहिला. त्याचा आवाज मी कधी चढलेला ऐकला नव्हता, तो त्या दिवशी ऐकला.

"बारा वर्सं! बारा वर्सं मी तिच्या पायाला तेल लावताना मनात माफी मागत होतो. अन् तिला ठाव होतं? ती बगत होती अन् बोलली नाय?"

"तुझ्यासाठीच गप्प बसली रे."

"जावा तुम्ही, सामाजीभाऊ. आता जावा."

मी गेलो. पुढचे आठ महिने तो दुकानाकडे फिरकला नाही. बाजारात दिसला तर रस्ता बदलायचा. माझे भाऊ केव्हाच इस्रायलला गेले होते, तेही बोलावत होते. लीया म्हणायची, आता इथे आहे कोण आपलं. मीही मनातून निघालो होतो.

चैत्रात एका दुपारी कान्हू आला. दुसऱ्या शिफ्टला जाणार होता, डबा हातात होता. बाकावर बसला. मी चहा मागवला.

चहा आला तसा तो म्हणाला, "मी ओरडंन म्हणून ती गप बसली का हो?"

"नाही रे. तू कधी ओरडलास तिच्यावर?"

"ओरडलो होतो," तो म्हणाला. "एकदा. कासूला, तिच्याच गावात. पायडलचा नट ढिला राहिला होता, तिनं खेळाच्या तोंडावर सांगितलं. मी चार माणसांत बोललो, ऐन वक्ताला कशाला तोंड उघडतेस म्हणून."

त्याच्या शिफ्टची धाटावची बस समोर येऊन थांबली, भरली, आणि गेली. कान्हू बाकावरून उठला नाही. चहावर साय धरली होती.